नवव्या वर्षानंतर मोजणी थांबते

हिमाचल प्रदेशातल्या डॉक्टरांनी ग्रामीण, शहरी आणि आदिवासी वस्त्यांमधल्या एक ते दहा वर्षांच्या २८,०७० मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं प्रमाण निघालं ०.१५ टक्के, हजार मुलांत दीड. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, इनक्लेन या संशोधन संस्थेची पाच ठिकाणची पाहणी प्रसिद्ध झाली. हरियाणातलं पलवल, हिमाचलमधलं कांगडा, ओडिशातलं ढेंकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण शेकडा एक किंवा त्याहून थोडं जास्त आढळलं. एकाच देशातल्या दोन पाहण्या, निष्कर्ष लागोपाठच्या वर्षांतले, आणि आकड्यांत सहा-सात पटींचं अंतर.

पहिल्या पाहणीत आधी प्रश्नावली घेऊन चाळणी झाली आणि त्या चाळणीत अडकलेल्या मुलांचीच पुढे सविस्तर तपासणी झाली. दुसऱ्या पाहणीत प्रशिक्षित तज्ज्ञांचा चमू ठरलेल्या निकषांवर मुलांना पाहत होता. विकसनशील देशांतले स्वमग्नतेचे आकडे वाचताना म्हणूनच आधी विचारावं लागतं की पाहिलं कोणी आणि कसं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडचे छोटे आकडे मुलांबद्दल फार थोडं सांगतात. पाहणाऱ्यांची संख्या किती अपुरी आहे, हे मात्र ते नेमकं सांगतात.

अमेरिकेचा अनुभव याला दुजोरा देतो. तिथल्या सरकारी निरीक्षण केंद्रांनी आठ वर्षांच्या मुलांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा, २००० साली, प्रमाण १५०त एक होतं. २०२२च्या नोंदींत ते ३१त एकावर आलं. व्याख्या रुंदावली, शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ सावध झाले, निदानामुळे शाळेत मदत मिळू लागली. त्या वाढीचा मोठा भाग या कारणांनी समजतो. दक्षिण कोरियातल्या गोयांग शहरात तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सात ते बारा वर्षांच्या मुलांत २.६४ टक्के हा आकडा काढला. त्या अभ्यासाने विशेष शाळांपुरतं न पाहता साध्या शाळांतली मुलंही तपासली होती. सापडलेल्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्या साध्या शाळांतच शिकत होती, आणि त्यांना काही वेगळं आहे याची नोंद कुठेच नव्हती.

कोलकात्यात याच्या उलट अडचण दिसते. तिथे शाळांमधल्या ११,८४९ मुलांची चाळणी होऊन प्रमाण ०.२३ टक्के निघालं. अभ्यास काळजीपूर्वक केलेला होता, पण तो शाळेत पोचलेल्या मुलांचा होता. ज्या मुलाला बालवाडीनेच ‘तुमचं मूल बसत नाही, इतरांना त्रास होतो’ म्हणून परत पाठवलं, ते त्या यादीत कसं येणार?

आता लक्षणांकडे येऊ, कारण तरुणांच्या बाबतीत खरा गुंता तिथे आहे. माणसांमधला अव्यक्त संवाद चटकन न उमगणं, ठरलेल्या क्रमाला घट्ट धरून राहणं, एखाद्याच विषयात खोल बुडणं, आवाज, प्रकाश किंवा कपड्याचा स्पर्श असह्य होणं, ही लक्षणं कमी-अधिक प्रमाणात समाजात पसरलेली असतात. निदान होतं ते ही लक्षणं लहानपणापासून असतात आणि रोजच्या जगण्यात अडचण आणतात तेव्हा. केंब्रिजमधल्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशी लक्षणं मोजणारी ५० प्रश्नांची यादी तयार केली. निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्क्यांना तिच्यात ३२ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले. इतरांपैकी अवघ्या दोन टक्क्यांना.

हीच यादी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, मलेशिया आणि ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांना दिली गेली. भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांचे सरासरी गुण ब्रिटिश विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आले. म्हणजे प्रश्नावलीत आपली तरुण मुलं जास्त ‘स्वमग्न’ दिसतात आणि दवाखान्याच्या नोंदीत कमी. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

प्रश्न पाहिले की उलगडा होऊ लागतो. पार्टीला जाण्यापेक्षा ग्रंथालय बरं वाटतं का, वस्तुसंग्रहालयापेक्षा नाटकाला जायला आवडेल का, अशा आशयाचे प्रश्न त्यात आहेत. अहेरी किंवा धडगावच्या बारावीतल्या मुलीला ग्रंथालय बरं वाटत असेल, तर त्यामागे घरातल्या गर्दीतून मिळणारा निवांतपणा असेल, अभ्यासाला मिळणारी जागा असेल, किंवा पार्टी ही गोष्टच तिच्या जगात नसेल. मोठ्यांसमोर कमी बोलणं, नजर खाली ठेवणं, स्वतःहून विषय न काढणं हे तिला वळण म्हणून शिकवलेलं असतं. प्रश्नावली त्याचे गुण लावते. आणि ज्या मुलाला खरोखर संवाद जमत नाही, तो याच वळणाच्या आडोशाला वर्षानुवर्षं लपून राहतो. ‘किती शांत मुलगा आहे’ असं त्याचं कौतुकही होतं.

लहान मुलांच्या चाचण्यांतही हेच आहे. जगभर प्रमाण मानली जाणारी एक निरीक्षण-चाचणी आहे. तिच्यात बाहुलीचा वाढदिवस साजरा करण्याचा खेळ असतो: केक, मेणबत्त्या, फुंकर. ज्या घरात वाढदिवसाला औक्षण होतं, किंवा तेही होत नाही, तिथल्या मुलाने मेणबत्तीकडे नुसतं पाहत राहणं कशाची खूण मानायची? बाहेरून आलेली साधनं आपल्यासारख्या समाजात चालतात का, हा प्रश्न श्रीलंकेतल्या संशोधकांनी थेट तपासला. २००९च्या त्यांच्या अभ्यासात दीड ते दोन वर्षांच्या ३७४ मुलांमध्ये प्रमाण ९३त एक निघालं, म्हणजे चार मुलं. एम-चॅट ही पालकांना विचारायची सर्वपरिचित प्रश्नावली या मुलांपैकी फक्त २५ टक्के, म्हणजे एकालाच ओळखू शकली. अभ्यास छोटा होता, तरी इशारा मोठा होता. त्याच गटाने पुढे चित्रांची चाचणी बनवली. आईला वाक्यं वाचून दाखवण्याऐवजी वागणुकीची चित्रं दाखवायची आणि विचारायचं, असं तुमचं बाळ करतं का? ज्या आईचं शिक्षण कमी झालं आहे तिलाही चित्र कळतं. या कामाबद्दल मला फार आदर वाटतो, कारण त्यांनी चुकणाऱ्या साधनाचा दोष आईवर टाकला नाही.

दोष आईवर टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. नोकरी करते म्हणून, मोबाईल दिला म्हणून, गरोदरपणात रडली म्हणून, ग्रहणात बाहेर गेली म्हणून. यातल्या कशानेही स्वमग्नता येत नाही. लसीमुळेही येत नाही; तसा दावा करणारा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी होत जाते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तरीही मूल तीन वर्षांचं होऊन बोलत नसेल तर घरातलं पहिलं वाक्य असतं, ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरूमधल्या ९५ कुटुंबांशी बोलून झालेल्या २००४च्या अभ्यासात दिसलं की भारतीय पालकांना आधी खटकतं ते मुलाचं माणसांत न मिसळणं. उशिरा बोलण्याची चिंता मागून येते. आईला काहीतरी दिसलेलं असतं, हे यातून कळतं. ते तिने सांगितल्यावर पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं. डॉक्टर ‘थांबा, बोलेल’ म्हणतात, सासूबाई दृष्ट काढतात, आणि वर्षं जातात.

इनक्लेनचं प्रत्यक्ष काम २०११-१२ मध्ये झालं होतं. त्या यादीतली मुलं आज पंधरा ते तेवीस-चोवीस या वयात आहेत. पलवलमधली, ढेंकनालमधली, म्हापशाकडची. कोणी आयटीआयला असेल, कोणी कॉलेज सोडून घरी बसलं असेल, कोणी दुकानावर. देशातल्या या सर्वांत विश्वासार्ह मोजणीची वयोमर्यादा नऊ वर्षांची होती आणि हिमाचलची दहा. स्वमग्नता मात्र वयाबरोबर जात नाही. अठरा-वीस वर्षांच्या भारतीय तरुणांमध्ये ती किती आहे, याचं देशभरातून घेतलेलं उत्तर आपण तयारच केलं नाही.

मग या पिढीची नोंद शोधायची कुठे? २०११च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले. त्यात स्वमग्नता नव्हती. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातही ती नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती मानली, पण प्रमाणपत्राचा रस्ता मोकळा व्हायला २०१६ उजाडलं. त्या वर्षी ‘इसा’ ही सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली भारतीय मापनपट्टी प्रमाणपत्रासाठी लागू झाली आणि नव्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आली. ‘इसा’मध्ये ४० बाबी असतात, प्रत्येकीला एक ते पाच गुण. ७०च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. ही पट्टी आपल्या मातीत तयार झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण १९९५ ते २००५ या काळात जन्मलेली जी मुलं सौम्य लक्षणांसह कशीबशी दहावी झाली, त्यांची बालपणाची बहुतेक वर्षं ही पट्टी लागू होण्याआधीच सरली होती.

मुलींची गोष्ट याहून कठीण. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं की मुलगे आणि मुली यांचं खरं प्रमाण चारास एक नसून तीनास एकच्या जवळ आहे. बऱ्याच मुलींचं निदानच होत नाही. त्या इतरांचं पाहून बोलणं, हसणं, मान डोलावणं आत्मसात करतात आणि घरी आल्यावर तासन्‌तास थकून पडतात. आपल्याकडे याला ‘हट्टी’, ‘तुसडी’, ‘घुमी’ अशी विशेषणं मिळतात. लग्न ठरवताना ही गोष्ट सांगायची की लपवायची, या पेचात कितीतरी आईवडील एकटे पडतात.

तज्ज्ञ कमी आहेत म्हणून काहीच करता येत नाही, हे मला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा गोव्यात आहे. संगाथ ही संस्था गोव्यात १९९६ पासून काम करते. तिच्या संशोधकांनी मँचेस्टरमध्ये तयार झालेली पालकांमार्फत द्यायची उपचारपद्धती इथल्या घरांसाठी बदलून घेतली आणि गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर ती तपासली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेले, पण नीट शिकवलेले आरोग्य कार्यकर्ते आईवडिलांचा आणि मुलाचा खेळ चित्रित करत, मग तो त्यांच्याबरोबर बसून पाहत. मूल कोणत्या क्षणी काही सांगू पाहतं आहे, ते आईला दाखवत. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. अंगणवाडी ताई आणि आशा ताई ज्या देशात गावोगाव आहेत, त्या देशासाठी याचं मोल फार आहे. पण इथेही मुलं दोन ते नऊ वर्षांचीच होती.

किशोरवयासाठी निदान एक सरकारी दार उघडं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झाली. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे आणि तपासायच्या आजारांच्या व विकासातल्या अडचणींच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. नववीच्या वर्गात आल्यावर दात, डोळे, वजन याबरोबर वर्गशिक्षकांना दोन प्रश्न विचारले जावेत: वर्गात एकटं एकटं राहणारं, मधल्या सुटीत गोंगाटाने कान झाकणारं, चेष्टा न कळणारं कोणी आहे का? आणि अभ्यासात हुशार असूनही गटात काम दिलं की कोलमडणारं कोणी आहे का? शिक्षकांना ही मुलं नावानिशी ठाऊक असतात. त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं, आणि प्रमाणपत्र वेळेत झालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. अठरा ओलांडल्यावर मात्र कोणतंही पथक येत नाही. कॉलेजातले समुपदेशक, आयटीआयचे निदेशक आणि नोकरीच्या मुलाखती घेणारे लोक यांच्यासाठी मराठीत, कोकणीत, अहिराणीत, गोंडीत इथल्या जगण्यातून घेतलेले प्रश्न तयार व्हायला हवेत, आणि दहा ते चोवीस वर्षांच्या मुलामुलींची पाहणी त्याच प्रश्नांनी व्हायला हवी. तिच्यात घरी बसलेल्यांची नावंही असली पाहिजेत.