वाचन म्हणजे अंदाज नव्हे

‘बोलायला शिकलं तसं वाचायलाही आपोआप शिकेल,’ हा पालकांचा आवडता समज. पण लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, बोलणं त्याहून कितीतरी जुनं. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मुलाला घालून द्यावीच लागते.

‘आधी नियम पाठ करायचे, मग अपवाद’ हा दुसरा समज. मार्क सायडनबर्ग आणि जेम्स मॅक्क्लेलँड यांनी १९८९ मध्ये संगणकावर एक न्यूरल नेटवर्क तयार केलं आणि त्याला सुमारे २,९०० छोटे इंग्रजी शब्द दाखवले. नियम एकही सांगितला नाही. नेटवर्क उच्चार करी, तो चुकला की आतल्या जोडण्यांची ताकद किंचित बदलली जाई. अशा असंख्य फेऱ्यांनंतर ‘गेव्ह’, ‘सेव्ह’ त्याला जमले आणि तसंच स्पेलिंग असलेला ‘हॅव’ही. नियम आणि अपवाद, दोन्ही त्याच जोडण्यांतून आले. निरर्थक शब्द वाचताना मात्र ते माणसापेक्षा बरंच चुकत होतं. अक्षरं आणि ध्वनी मांडायची पद्धत बदलल्यावर १९९६ च्या नव्या मॉडेलने ती उणीव भरून काढली.

मराठीत लिहिल्याबरहुकूम वाचतात, असं आपण सहज म्हणतो. पण ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एक नाही. ‘बसला’ वाचताना मूल आधी ब-स-ला असं सुटं म्हणतं. ऐकून ओळखीचा शब्द सापडला की स अर्धा होतो. म्हणूनच बोली भाषेचा साठा वाचनाच्या कामी येतो. मायकल हार्म आणि सायडनबर्ग यांच्या १९९९ च्या मॉडेलला आधी शब्दांचे ध्वनी शिकवले, मग अक्षरं. त्यामुळे त्याचं वाचन सुधारलं. ध्वनींची बाजू मुद्दाम कमकुवत केल्यावर अनोळखी शब्दांपाशी ते अडू लागलं. डिस्लेक्सिया असलेली अनेक मुलंही नेमकी तिथेच अडतात. त्यांना आळशी म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

अर्थात नेटवर्क म्हणजे मूल नव्हे. त्याला कंटाळा येत नाही, गोष्टीची ओढही नसते.

सर्वांत घातक समज अंदाजाचा: ‘अडलास तर चित्र बघ, ओळख.’ चित्रावरून शब्द ओळखला तर अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी पक्की व्हायची संधीच हुकते. मूल ‘पिशवी’पाशी अडलं, तर चित्र दाखवू नका. अक्षरांवर बोट ठेवा, त्याला म्हणू द्या आणि चुकलं तर बरोबर उच्चार लगेच ऐकवा.