गाडीवरचा ओरखडा आणि आपले दोन हात

मैत्रिणींनो, लोखंडी तव्यात रात्रभर पाणी राहिलं की सकाळी काय दिसतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. आमच्या छोट्या हत्तीच्या दाराचं तसंच झालं. छोटा हत्ती म्हणजे २००५ साली बाजारात आलेला टाटाचा तो चिमुकला ट्रक. आमच्या किराणा दुकानाचा सगळा माल त्यावर येतो आणि त्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत. ओरखडा पाडला कुणी? मीच! फाटक घाईनं ओढलं आणि कडी दारावर चांगली वीतभर घासत गेली. ह्यांना सांगायचा धीर होईना. पावसाचे दोन आठवडे तसेच गेले आणि रेघेच्या कडेनं तांबूस झाक आली. रंगाऱ्यानं अख्ख्या दाराचे साडेचार हजार सांगितले. त्याच महिन्यात धाकटीची फी भरायची होती. शेवटी ह्यांना खरं सांगितलं आणि त्याच दमात "मीच दुरुस्त करते" असंही बोलून गेले. हे हसले. मला तेवढं पुरे झालं!

पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि बऱ्याच गाड्यांना सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर असतो. सगळं मिळून जाडी किती, तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून हात हलका हवा. लॅकर आहे की नाही हे ओळखायचं तर कडेच्या एखाद्या जागी पॉलिश लावून फडक्यानं चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर लॅकर नाही. पांढऱ्या गाडीला मात्र गडद फडकं घ्यायचं, बरं का!

ओरखडा किती खोल आहे, हे नखाला विचारा. गाडी धुऊन, पुसून रेघेवरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर काम सोपं. रबिंग कंपाउंड मऊ सुती फडक्यावर घेऊन सावलीत, पत्रा गार असताना, हळूहळू चोळा. जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम. टूथपेस्टनं अगदी बारीक रेघा पुसट होतात, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तारेची घासणी तर जवळसुद्धा नको. आणि हो, बांगड्या-अंगठ्या आधी काढून ठेवा, नाहीतर एक ओरखडा घालवताना चार नवे पडतील.

नख अडकलं आणि पत्रा दिसला, की मात्र गंजाशी गाठ. आधी ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं, कोरडंच, गंज पार जाऊन पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचं. जरा जरी गंज राहिला, तरी तो नव्या रंगाखालून फुगून वर येतो. मग ४०० नंबरनं जुन्या रंगाच्या कडा उतरत्या करा, बोटाला पायरी लागता कामा नये. भोवती टेप आणि वर्तमानपत्र चिकटवा, थिनरचं फडकं फक्त निसटतं फिरवा. हे काम अंगणात करायचं, गॅसपासून आणि मुलांपासून लांब. मग प्रायमरचे दोन पातळ हात. खड्डा उरलाच तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. वाळली की ओल्या पेपरनं सपाट करून पुन्हा प्रायमर द्या. त्यावर रंगाचे तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं वाळू देऊन. रंगाचा नंबर बहुधा गाडीवरच्याच एखाद्या पट्टीवर असतो. तो दुकानात दाखवा, नुसतं "पांढरा द्या" म्हणू नका. पांढरे पुष्कळ असतात!

माझा पहिला प्रयत्न फसला, हेही सांगते. श्रावणातली रिपरिप होती आणि मी एकाच हातात जाड रंग थापला. दमट हवेनं त्यावर दुधाळ पापुद्रा आला, खाली बुडबुडे. सगळा पुन्हा खरवडला. पापडाला ऊन नसलं तर आपण चार दिवस थांबतो, मग इथेच कसली घाई झाली होती कोण जाणे! ह्या वेळी हे हसले नाहीत. खरवडायला शेजारी येऊन बसले.

दुसऱ्यांदा काम काढलं ते पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी. रंग आठ दिवस वाळू दिला, मग २००० नंबरच्या पेपरचा ओला हात आणि कंपाउंड. आमच्या गाडीला लॅकर नव्हता, म्हणून एवढ्यावर भागलं. असेल तर रंगानंतर त्याचेही दोन हात द्यावे लागतात.

दसऱ्याला झेंडूची माळ घालताना ह्यांनी दारावरून हात फिरवून बघितला. उन्हात निरखून बघितलं तर जागा ओळखू येते, नवा पांढरा अंमळ जास्तच पांढरा आहे. पण पुढच्या पावसाळ्यातही तिथे तांबूस झाक आली नाही. आणि फाटकाच्या कडीला मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधून टाकला आहे.