शिडी ज्याची त्याची!

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर एक शिडी काढली. तळाशी लिहिलं ०, टोकाला १०. म्हटलं, "तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य म्हणजे दहावी पायरी. सगळ्यात वाईट म्हणजे शून्य. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?"

झालं! वर्गात एकच गलका. कुणी नऊ, कुणी सहा. मागच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "बाई, तीन. आमची गाय विकली ना. ती परत आली तर दहा!" शेजारचा खो खो हसला, "गाईला कुठं दहा मिळतात का?"

मिळतात, बरं का! आणि हे एका मोठ्या संशोधकानं जगाला पटवून दिलं. त्यांचं नाव हॅडली कँट्रिल. १९०६ साली अमेरिकेत जन्मलेले हे गृहस्थ समाजाच्या मनाचा अभ्यास करायचे. लोकांना काय वाटतं हे लोकांनाच विचारायचं, हा त्यांचा ध्यास. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली युनेस्कोसाठी नऊ देशांत एक पाहणी झाली. एका देशाचे लोक दुसऱ्या देशाच्या लोकांना कसे समजतात, हे त्यात विचारलं होतं. पाहणीवरच्या पुस्तकाचे एक लेखक कँट्रिल होते.

पण देशादेशांची तुलना करायची तर एक मोठी अडचण येते. समजा, विचारलं, "तुमच्याकडे मोटार आहे का?" तर ज्याला मोटार नकोच आहे, हवी आहे गाय, त्याचं सुखदुःख आपल्याला कसं कळणार? आपली फूटपट्टी घेऊन दुसऱ्याचं मन मोजायला गेलं की माप चुकतंच.

म्हणून कँट्रिल यांनी शिडीची युक्ती काढली. आधी माणसाला विचारायचं, "तुमच्या दृष्टीनं उत्तम आयुष्य कसं असेल? वाईट कसं असेल?" तो सांगेल ते लिहून घ्यायचं. मग शिडीचं चित्र दाखवायचं. आज कुठं आहात? पाच वर्षांपूर्वी कुठं होता? पाच वर्षांनी कुठं असाल? म्हणजे शिडी त्याची, पायऱ्याही त्यानंच ठरवलेल्या!

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा देशांत सुमारे वीस हजार लोकांना हे प्रश्न विचारले. त्यात आपला भारतही होता. अमेरिकेची सरासरी आली ६.६, भारताची ३.७. भारतातला एक शेतमजूर म्हणाला, मला मुलगा हवा, स्वतःची जमीन हवी, घर हवं, दूधतुपासाठी गाय हवी, बायकोला बरे कपडे हवेत. अमेरिकेतल्या कुणाला नवी मोटार हवी होती, सुट्टीत फिरायला जायचं होतं. १९६५ साली कँट्रिल यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं.

आता गंमत नव्हे, एक गंभीर गोष्ट सांगते. १९६० साली कँट्रिल यांचे सहकारी लॉइड फ्री यांनी क्यूबाच्या शहरांत अशीच पाहणी करवली. नुकतीच तिथं क्रांती होऊन फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले होते. शिडीवर क्यूबाचा आकडा आला ६.४. म्हणजे जवळजवळ अमेरिकेइतकाच! खेड्यांतल्या लोकांना विचारलं नव्हतं हे खरं. पण शहरांतले बहुतेक लोक कॅस्ट्रोंच्या बाजूचे आहेत, हे त्यातून दिसत होतं. अहवाल अमेरिकेत पोचला, पण निर्णय घेणाऱ्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेनं शिकवून तयार केलेले सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित 'बे ऑफ पिग्ज' इथं उतरले. लोक कॅस्ट्रोंविरुद्ध उठतील, अशी आशा होती. कुणी उठलं नाही. तीन दिवसांत मोहीम बुडाली. कितीतरी जीव हकनाक गेले.

पाहिलंत? विचारणं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे ऐकणं!

कँट्रिल १९६९ साली वारले, पण त्यांची शिडी अजून उभी आहे. आज शंभराहून जास्त देशांत ती दाखवली जाते. २०१२ पासून निघणाऱ्या 'जागतिक आनंद अहवाला'तले देशांचे क्रम तिच्यावरूनच लागतात. २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं पहिला आला फिनलंड.

आमच्या वर्गात पुढं काय झालं? मी हसणाऱ्या मुलाला म्हटलं, "त्याला गाईबद्दल विचार तरी." त्यानं विचारलं. गाईचं नाव कपिला, ती हाक मारली की यायची, हे ऐकता ऐकता त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं.

तुम्हीही आज घरी एक शिडी काढा. आजीला विचारा, आईला विचारा, दूध घालणाऱ्या काकांना विचारा. आकडा तर लिहाच, पण त्यांची दहावी पायरी कशाची आहे तेही लिहा. आणि हो, हसायचं मात्र नाही हं!