एचपीएलसीची वेस्ट बाटली : शेवटच्या नळीपासून पुढे

३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडी इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. असं काही घडलं की आपण कारखान्यांच्या सुरक्षेबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण जळगाव-धुळ्यातल्या फार्मसी महाविद्यालयांत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत, औषध कंपन्यांच्या क्यूसी विभागांतही रोज थोडं थोडं ज्वलनशील द्रावक साठत असतं. तिथलं प्रमाण कारखान्याच्या मानाने फारच लहान, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. आज त्याबद्दल बोलू.

एचपीएलसी हे यंत्र बहुतेकांच्या परिचयाचं आहे. औषधाच्या गोळीत नेमका किती औषधी घटक आहे, अशुद्धी किती, हे ते सांगतं. पंप द्रावक ढकलतो, कॉलममध्ये घटक वेगळे होतात, डिटेक्टर ते मोजतो. विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष पडद्यावरच्या आलेखाकडे असतं. डिटेक्टरमधून बाहेर पडलेलं द्रावक मात्र एका बारीक नळीने खाली ठेवलेल्या बाटलीत जातं. ती बाटली यंत्राचाच भाग आहे, असं आमचं आजचं म्हणणं आहे.

आधी साधा हिशोब करू. मिनिटाला १ मिली प्रवाह धरला तर ८ तासांत ४८० मिली होतात. एक यंत्र, पाच दिवस, म्हणजे २.४ लिटर. आता रात्रभराचा रन बघा. ६० इंजेक्शनं, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे ९०० मिनिटं आणि ९०० मिली. बाटलीत जागा उरली असेल अर्ध्या लिटरची, तर काय होणार ते सांगायला नको.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आम्ही काम करत होतो त्या एका प्रयोगशाळेत शनिवारी संध्याकाळी असाच रन लावला आणि कुलूप घालून घरी गेलो. एप्रिल महिना, खिडक्या बंद. सोमवारी सकाळी परिचर मामांनी दार उघडलं, दिवा लावला, आणि फरशीवरचं ओलं दिसलं म्हणून पोतेरं घेऊन पुसायला बसले. हातमोजे नाहीत. तासाभराने डोकं धरून बाकावर बसले. पेट घेतला नाही, मामाही बरे झाले. पण ते काय पुसत होते, हे आम्ही त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं. बाटलीवर लेबल नव्हतं.

त्यात होतं काय? बहुतेक वेळा असतं तेच : अॅसिटोनायट्राइल, मेथनॉल, पाणी, थोडं बफर. मेथनॉल डोळ्यांच्या नसेला इजा करू शकतं. अॅसिटोनायट्राइलचं शरीरात गेल्यावर सायनाइड तयार होतं, आणि त्याची लक्षणं काही तासांनी दिसू शकतात. म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर विसंबू नये, दवाखान्यात जावं आणि रसायनाचं नाव डॉक्टरांना सांगावं. दोन्ही रसायनं त्वचेतूनही आत जातात.

आता आपल्या उन्हाळ्याकडे या. ज्या तापमानाला द्रावकाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. अॅसिटोनायट्राइलचा तो सुमारे २ अंश सेल्सिअस, मेथनॉलचा सुमारे ११. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. वीज गेली, एसी बंद पडला, की खोली तापते. अर्धं पाणी मिसळलेलं मेथनॉलही त्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ देऊ शकतं. आणि आपण बाटलीच्या तोंडावर काय लावतो? अॅल्युमिनियम फॉइल, नाहीतर पॅराफिल्म, त्याला भोक पाडून नळी आत. वाफ दिवसभर बाहेर येते आणि शेजारी बसलेला विद्यार्थी ती श्वासात घेतो.

मग झाकण घट्ट लावावं का? तेही नाही. आत द्रव येत राहतो, वाफेचा दाब वाढतो, उलटा दाब डिटेक्टरच्या फ्लो सेलपर्यंत जाऊन ती फुटू शकते. यासाठी खास झाकण मिळतं : नळ्यांसाठी घट्ट बसणारी छिद्रं, आणि हवा बाहेर जायला सक्रिय कोळशाचा फिल्टर. फिल्टर कायमचा नसतो. बसवल्याची तारीख त्यावर लिहा आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदला.

बाकीच्या गोष्टी बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या आहेत. बाटली एचडीपीईची असावी, यंत्राच्या पातळीखाली, आणि सगळं सांडलं तरी मावेल अशा ट्रेमध्ये. नळी कुठे मुडपू नये, तिचं टोक द्रवाच्या वर राहावं. ऑटोसॅम्पलरच्या धुण्याची आणि पर्जची नळीही त्याच बाटलीत यावी. बाटली ८० टक्के भरली की बदलायची. रन लावण्यापूर्वी मिनिटं गुणिले प्रवाह हा हिशोब वहीत लिहायचा.

क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांची बाटली वेगळी, कारण ती जाळताना हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. नायट्रिक आम्ल द्रावकांच्या बाटलीत कधीच नको. टेट्राहायड्रोफ्युरान फार दिवस साठवू नये, त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात.

आणि बेसिनमध्ये ओतायचं तर मुळीच नाही. गिरणा काय, पांझरा काय, दोन्ही शेवटी तापीलाच मिळतात. उघड्यावर ठेवून उडवून टाकणं हीदेखील विल्हेवाट नव्हे, तो हवेत केलेला कचरा आहे.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपर्यंत साठवता येतो. डब्यावर फॉर्म ८ प्रमाणे लेबल, पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट. राज्यातली मोठी सामाईक केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, खान्देशापासून सगळीच लांब. दहा-वीस लिटरसाठी गाडी येत नाही, ही अडचण खरी आहे. पण जवळच्या संस्थांनी सदस्यत्व घेऊन एकाच फेरीची मागणी केली तर मार्ग निघू शकतो.

प्रश्नोत्तरांकडे वळण्यापूर्वी एक विनंती. उद्या प्रयोगशाळेत गेलात की यंत्राखालची बाटली बघा, तिच्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहा, आणि जे मामा किंवा मावशी ती उचलतात त्यांना दहा मिनिटं बसवून समजावून सांगा. हातमोजे त्यांच्या मापाचे आणा. आम्ही हे सोमवारनंतर केलं, तुम्ही आधी करा.