हुमणीच्या वैऱ्याकडचे औषध

उसाच्या मुळांना हुमणी लागली की उभे शेत पिवळे पडते. तिच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडे ‘हेटरोरॅब्डायटिस इंडिका’ हा सूक्ष्म सूत्रकृमी वापरतात. तो अळीच्या शरीरात शिरतो खरा, पण तिला मारण्याचे मुख्य काम त्याच्या आतड्यातले फोटोरॅब्डस जीवाणू करतात. मेलेल्या अळीवर मग दोघांच्या पुढच्या पिढ्या पोसल्या जातात. त्या अळीवर इतर जीवाणूही टपलेले असतात. त्यांना फोटोरॅब्डस आपल्या रसायनांनी दूर ठेवतो.

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले किम लुईस आणि त्यांचे सहकारी नव्या प्रतिजैविकासाठी याच कुळाकडे वळले. त्यामागचा तर्क मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो. जे रसायन सूत्रकृमीच्या सोबत्याने तयार केले, ते प्राण्याला बाधणारे असून चालणार नाही. शिवाय अळीच्या आतड्यातल्या ग्राम-ऋण जीवाणूंशी फोटोरॅब्डसची स्पर्धा असते, म्हणजे त्यांच्यावर ते लागू पडायला हवे. २०१९ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: ‘फोटोरॅब्डस खानी’ या जातीत अवघ्या ७ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड सापडले होते. त्याचे नाव डॅरोबॅक्टिन. दोन कड्यांनी जखडलेले असल्यामुळे त्याचा आकार ताठ राहतो.

ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या ग्राम-ऋण जीवाणूंना दोन पटले असतात. बाहेरच्या पटलातल्या लिपोपॉलिसॅकराइडच्या थरातून बहुतेक औषधे आत जातच नाहीत. अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून दिले जाणारे कोलिस्टिन हेही पेप्टाइडच. ते या थरातल्या मेदरेणूंना चिकटून पटल फाडते. पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि मेदरेणूंवरचा विद्युतभार बदलून जीवाणू त्याच्यातून निसटतात. ते निरुपयोगी होऊ नये म्हणून २०१९ मध्येच भारताने खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

डॅरोबॅक्टिन मेदाला हात लावत नाही. त्याचे लक्ष्य आहे बॅम-ए हे प्रथिन. बाह्यपटलातली बहुतेक प्रथिने लाकडी पिंपाच्या फळ्यांसारख्या पट्ट्या गोल जुळवून बनलेली असतात. ती पटलात बसवण्याचे काम बॅम-एचे, आणि ते स्वतःही तसेच पिंप आहे. फरक एवढाच की त्याची पहिली आणि शेवटची पट्टी सैल जोडलेली असते, म्हणून ते कडेने उघडते. नव्या प्रथिनाची शेवटची पट्टी त्या उघड्या कडेला पकडते आणि तिथून पुढची जुळणी होते. डॅरोबॅक्टिन हुबेहूब त्या पट्टीचे रूप घेऊन तीच जागा अडवते. जुळणी थांबते, बाह्यपटल विस्कटते, जीवाणू मरतो. ही जागा बाहेरूनच गाठता येते, त्यामुळे औषधाला पटल ओलांडावे लागत नाही.

लिपोपॉलिसॅकराइड बाहेरच्या पृष्ठावर नेऊन बसवणारे एल-पी-टी-डी हे प्रथिनही बॅम-एच जुळवते. झुरिकमध्ये जॉन रॉबिन्सन यांच्या गटाने डुकराच्या पांढऱ्या पेशींतल्या प्रोटेग्रिन या पेप्टाइडवरून जी संयुगे घडवली, त्यांचा नेम स्यूडोमोनासच्या याच एल-पी-टी-डीवर होता. २०१० साली ‘सायन्स’मध्ये ते काम आले. त्यातून पुढे आलेले म्युरेपावॅडिन तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा होऊ लागल्याने २०१९ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. लक्ष्य अचूक असले तरी माणसाचे शरीर औषध सोसेलच असे नाही, हे त्या रुग्णांच्या त्रासातून कळले.

डॅरोबॅक्टिनबाबत मला सर्वांत आशादायक वाटते ते वेगळेच. बॅम-एमधली अमिनो आम्ले बदलून जीवाणू निसटतील अशी भीती होती. पण हे पेप्टाइड मुख्यतः बॅम-ए प्रथिनाच्या कण्याला धरते, अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्यांना नव्हे. आणि कणा सगळीकडे सारखाच. प्रयोगशाळेत ई. कोलायचे काही वाण तरीही दाद देईनासे झाले. पण बॅम-ए बदलून वाचलेल्या त्या जीवाणूंची उंदरांत घातक संसर्ग घडवण्याची ताकद संपली होती.