सरांचा निवडुंग : लावणी आणि निगा

गेल्या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानानंतर शाळेच्या व्हरांड्यातील लांब टेबलावर मी मातीच्या काही लहान कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. सरांच्या घरी वाढलेल्या निवडुंगाची ती पिल्ले होती. ज्यांना हवी असतील त्यांनी ती घरी न्यावीत, अशी विनंती केली होती आणि अर्ध्या तासात टेबल रिकामे झाले. त्यानंतर वर्षभर दूरध्वनी आणि पत्रे येत राहिली. पाणी किती घालावे, ऊन किती द्यावे, फूल कधी येईल, असे बहुतेकांचे प्रश्न होते. काहींनी मात्र संकोचाने कळवले की रोप गेले. एका माजी विद्यार्थिनीने लिहिले की, सरांची ठेव आपल्या हातून गेली हे शाळेत कोणत्या तोंडाने सांगावे ते कळत नाही. त्या पत्राला उत्तर म्हणून हे टिपण लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगतो. सरांनी मला दिलेले पहिले पिल्लू मीही मारले होते.

सर लालबागेच्या परिसरात राहत. होळकरांनी १८८६ ते १९२१ या काळात उभारलेला तो राजवाडा, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचे त्याचे लोखंडी प्रवेशद्वार आणि खान नदीचा काठ आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचा भाग आहे. रविवारी सकाळी सर आम्हां चार-सहा मुलांना तिकडे फिरायला नेत आणि झाडे दाखवीत. शाळा सोडताना त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून लिंबाएवढा एक काटेरी गोळा माझ्या हातात ठेवला. मी तो घरामागच्या काळ्या मातीत लावला, रोज पाणी घातले आणि पहिला पाऊस आला तेव्हा त्याला तो भरपूर मिळावा म्हणून अंगणाच्या मध्यावर ठेवला. श्रावण सरण्यापूर्वी तो बुडाशी पिवळा पडला, मग तपकिरी झाला, आणि एके दिवशी बोट लावताच आत गेला. पुढे दोन वर्षे सरांचे घर टाळण्यासाठी मी दुसऱ्या रस्त्याने जात असे.

तो का मेला, हे समजले म्हणजे निगेचे सगळे नियम आपोआप समजतात.

आपण मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन वेगळ्या कुळांतील वनस्पतींसाठी वापरतो. रानात कुंपणाला दिसणारा त्रिधारी निवडुंग हा आपल्याकडचा खरा, परंतु तो शेराच्या कुळातला. त्याला खरवडले की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांना अपायकारक असतो. कॅक्टसच्या कुळातील जवळजवळ सर्व वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ओळखण्याची खूण अशी की, कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या लहान गादीतून उगवतात. या गादीला वनस्पतिशास्त्रात एरिओल म्हणतात. पिल्ले आणि फुलेही या गादीतूनच येतात. फड्या निवडुंग आज आपल्याकडे रानटी झालेला दिसतो, पण तोही परदेशी पाहुणाच.

सरांच्या निवडुंगाचे नाव एकिनॉप्सिस. ग्रीक भाषेत ‘एकिनोस’ म्हणजे काटेरी अंगाचा साळूसारखा एक लहान प्राणी आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे रूप. दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि ईशान्य अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. तेथे तो वाळवंटात वाढत नाही, तर गवताळ, खडकाळ उतारावर वाढतो. म्हणून थोडाफार पाऊस आणि थंडी त्याला सोसते. मात्र उतारावर पाणी थांबत नाही, ही त्यातली महत्त्वाची बाब आहे.

आता आपली माती पाहा. माळव्याची काळी माती कापसाला आणि गव्हाला उत्तम. तिच्यातील चिकण भाग पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात मोकळ्या जमिनीवर पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशी माती भिजली की दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातील हवा निघून जाते आणि निवडुंगाची बारीक मुळे गुदमरून कुजतात. मुळे गेली की बुरशी खोडात शिरते. माझे झाड तहानेने गेले नव्हते, ते पाण्याने गेले. ज्यांनी मला पत्रे लिहिली त्यांच्याही हातून बहुधा हेच घडले आहे.

म्हणून मिश्रण असे करावे : दोन भाग जाड, धुतलेली नदीची वाळू, एक भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत. मूठभर कोळशाचा चुरा आणि चिमूटभर निंबोळी पेंड घातल्यास उत्तम. मिश्रण भिजवून मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर ते योग्य, टिकला तर वाळू आणखी हवी. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि झाडापेक्षा दोन बोटेच रुंद असावी. मोठ्या कुंडीत माती अधिक, म्हणजे ओलही अधिक.

पाण्यासाठी वार ठरवू नये. बांबूची बारीक काडी कुंडीत तळापर्यंत खोचावी आणि थोड्या वेळाने काढून पाहावी. ती कोरडी निघाली तर पाणी द्यावे, तेही तळातून वाहून जाईपर्यंत. काडीला ओलसर माती चिकटली तर थांबावे. उन्हाळ्यात हे आठवड्याने होईल, हिवाळ्यात महिनाभरही होणार नाही. इंदूरला वर्षाकाठी पडणारा साधारण ९५० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या काळात कुंडी ओसरीत किंवा गॅलरीत छपराखाली, पण उजेडात ठेवावी. छपराच्या कडेची धार तिच्यावर पडू देऊ नये.

निवडुंग इतक्या कमी पाण्यावर जगतो कसा, असे मुले विचारतात. इतर झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. निवडुंग दिवसा रंध्रे बंद ठेवतो. रात्री गारव्यात ती उघडून वायू घेतो, आम्लाच्या रूपाने साठवतो आणि सूर्य उगवल्यावर बंद दाराआड त्यापासून अन्न तयार करतो. या काटकसरीमुळे तो सावकाश वाढतो. घाई करून, जादा खत घालून त्याला वाढवू पाहिले तर तो फुगतो, ठिसूळ होतो आणि फुलत नाही.

सकाळचे चार-पाच तास ऊन त्याला आवश्यक आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी विरळ सावली द्यावी. सावलीतले झाड एकाएकी कडक उन्हात आणले तर त्याच्या अंगावर पांढरट डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. हिवाळा हा त्याच्या विश्रांतीचा काळ. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. अंग किंचित सुरकुतले तरी घाबरू नये. या गार आणि कोरड्या विश्रांतीनंतरच कळ्या धरतात. मुंबईकडच्या मित्रांना फूल उशिरा येते ते हिवाळा पुरेसा गार नसतो म्हणून. त्यांनी निदान कोरडेपणा तरी पाळावा.

किडींपैकी पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. काट्यांच्या तळाशी कापसासारखे पुंजके दिसले की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते टिपावेत. याच कीटकांचा एक दूरचा भाऊबंद इतिहासात नाव करून गेला आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील कीटक समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून भारतात कीटक आणण्यात आला, पण तो भलताच निघाला. रंग तर चांगला मिळाला नाहीच, उलट तो एका जातीच्या फड्या निवडुंगावर तुटून पडला आणि त्याने त्याची रानेच्या राने साफ केली. पुढे तण हटवण्यासाठी त्याचा मुद्दाम उपयोग करण्यात आला.

विकत घेणाऱ्यांना एक सूचना. लाल-पिवळी टोपी घातलेला निवडुंग म्हणजे एका झाडावर केलेले दुसऱ्याचे कलम. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न करू शकत नाही आणि फार वर्षे टिकत नाही. काही रोपांवर वाळलेली फुले डिंकाने चिकटवलेली असतात, तीही पारखून घ्यावीत.

एकिनॉप्सिसच्या बुडाशी पिल्ले धरतात. सगळी तशीच ठेवली तर झाडाची शक्ती त्यांच्यातच जाते आणि फुले कमी होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लू हलकेच पिळून सुटे करावे, जखम सुकण्यासाठी आठवडाभर सावलीत ठेवावे आणि मग कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवावे. पुरू नये. आठ-दहा दिवसांनी पाण्याचा पहिला शिडकावा द्यावा. तीन-चार वर्षांत ते फुलते. काळ्या लोकरीची कळी बाजूने निघते, वीतभर लांब नळी होते आणि एका संध्याकाळी पांढरे, किंचित गुलाबी छटेचे सुगंधी फूल उमलते. ते निशाचर पतंगांसाठी असते. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते.

घरात काटेरी झाड असू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचा मान राखून कुंडी गॅलरीत ठेवावी. तिला तेथेच अधिक ऊन मिळेल.

माझी कथा अपुरी राहिली. दोन वर्षांनी बाजारात सरांनीच मला गाठले आणि झाड कसे आहे म्हणून विचारले. मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, “अरे, माझी तर तीन कुजली. मग मला वाळूचे कळले. संध्याकाळी ये.” त्या संध्याकाळी त्यांनी दुसरे पिल्लू दिले आणि काडीने ओल पाहण्याची रीत माझ्याकडून दोनदा करून घेतली. गेल्या वर्षी टेबलावर मांडलेली सर्व रोपे त्या दुसऱ्या पिल्लाची संतती होती. सर गेल्यानंतर त्यांच्या गच्चीवरील मूळ झाडे राहिली नाहीत.

तेव्हा ज्यांची रोपे गेली त्यांनी रस्ता बदलू नये. या वर्षीही व्याख्यानानंतर व्हरांड्यात टेबल मांडलेले असेल. कुंड्यांशेजारी बांबूच्या काड्या ठेवल्या आहेत. पिल्लाबरोबर एक काडीही न विसरता न्यावी.