नगरपालिकांची भिशी आणि ऑरेंज काउंटीचा धडा

मंडळाच्या वार्षिक सभेत दर वर्षी एक प्रश्न येतोच : कायम निधी बँकेच्या मुदत ठेवीतच का, जास्त व्याज मिळेल तिथे का नाही? याच प्रश्नापायी अमेरिकेतला एक श्रीमंत जिल्हा १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेला. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज कॅलिफोर्नियात आहेत, त्यामुळे ही गोष्ट तशी परकी नाही.

तिकडे घरपट्टी वर्षातून दोन हप्त्यांत जमा होते, पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. मधल्या काळात पैसा पडून राहतो. एकेकट्या नगरपालिकेला किंवा शाळामंडळाला त्यावर फारसे व्याज मिळत नाही. म्हणून अनेक संस्था आपला पैसा एकत्र गुंतवतात. कॅलिफोर्निया राज्याने १९७७ पासून असा एक सामाईक निधी चालवला आहे आणि काउंट्यांचे (म्हणजे जिल्ह्यांचे) आपले वेगळे निधी आहेत. एक प्रकारची भिशीच म्हणा, फक्त हप्ते करदात्यांचे. नियम जुना आहे : आधी मुद्दल सुरक्षित, मग मागेल तेव्हा पैसा हाती, आणि व्याज शेवटी.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या ऑरेंज काउंटीत हा क्रम उलटला. खजिनदार रॉबर्ट सिट्रॉन यांच्याकडे सुमारे १९० संस्थांचे साधारण साडेसात अब्ज डॉलर होते. त्यांनी हातातले रोखे तारण ठेवून कर्ज काढले, त्यातून आणखी रोखे घेतले आणि गुंतवणूक २० अब्जांच्या वर नेली. कर्ज थोड्या मुदतीचे, रोखे लांब मुदतीचे. व्याजदर खाली होते तोवर हा निधी राज्याच्या निधीपेक्षा बराच जास्त परतावा देत होता, आणि सगळे खूश होते. काही शाळामंडळांनी तर कर्ज काढून यात पैसे घातले!

१९९४ च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवू लागली. दर वाढला की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कोणी पूर्ण किंमत देत नाही. इकडे रोखे स्वस्त होत गेले, तिकडे कर्ज महाग. त्या वर्षीच्या निवडणुकीत जॉन मूरलॅक या विरोधी उमेदवाराने हा धोका जाहीरपणे सांगितला होता. मतदारांनी सिट्रॉन यांनाच निवडले. चांगले व्याज मिळत असताना अशी शंका कोणाला आवडते?

तोटा सुमारे १.६ अब्ज डॉलरचा निघाला आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सिट्रॉन यांनी स्वतःच्या खिशात काही घातले नव्हते, तरी गुन्हे कबूल करावे लागले. आमच्या मते खरी गोम इथेच आहे : प्रामाणिक माणूस म्हटला की हिशेब विचारायचे राहून जाते. ज्या संस्थांनी आपल्या बुद्धीने काहीच ठरवले नव्हते, कायद्याने ज्यांचा पैसा काउंटीकडेच ठेवावा लागे, त्या शाळाही यात भरडल्या गेल्या. तडजोडीत डॉलरमागे साधारण ७७ सेंट रोख मिळाले, शाळांना थोडे अधिक.

जून १९९५ मध्ये विक्रीकर अर्धा टक्का वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. मग नोकऱ्या आणि सेवा कापून, नवे कर्ज काढून काउंटी जून १९९६ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आली. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०१७ मध्ये फिटला.